ओल्या शेतातील तहानलेले पीक
(मंडळाच्या नातेपुते येथील वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



ज्ञातीच्या मेळाव्यात शेतकीवर भाषण कशाला, असे काहींना वाटेल. परंतु ज्या जमिनीच्या बळावर आपल्या मुलांची शिक्षणे व मुलींची लग्ने होतात, तीच नीरा उजव्या कालव्याच्या काठी ठिकठिकाणी पांढरी पडत असेल, तर हा विषय मंडळाचा नव्हे असे कोण म्हणेल?

कालव्याबरोबर समृद्धी आली हे आम्ही नाकारीत नाही. मात्र खोल काळ्या जमिनीत निचऱ्यावाचून वर्षानुवर्षे पाणी सोडले की जमिनीखालचे पाणी वर चढते. उन्हाने ते उडून जाते आणि त्यातील क्षार मागे राहतात. अशा शेतात चिखल असूनही पीक तहानलेले असते, कारण भोवतालचे पाणी इतके खारट होते की मुळांना ते ओढून घेता येत नाही. शिवाय सोडियम मुळांत शिरून पालाशाची वाट अडवितो, आणि पालाशावाचून पानांवरील सूक्ष्म रंध्रांची उघडझाप बिघडते.

अन्नाचेही तसेच. चुनखडीच्या जमिनीत उसाची कोवळी पाने पिवळी-पांढरी पडतात, त्यास आपण केवडा म्हणतो. तेथे जमिनीत लोह असते, पण पिकाला घेता येईल अशा रूपात नसते. पान पिवळे दिसताच युरियाचे पोते फोडून वर एक पाणी देण्याची जी रीत पडली आहे, तिने खत-दुकानदाराचे तेवढे भले होते! हिराकस शेणखतात मुरवून द्यावा किंवा त्याचे विरळ द्रावण पानांवर फवारावे, हा खरा उपाय.

या प्रश्नांचा अभ्यास आपल्या शेजारीच झाला आहे. फलटण तालुक्यातील पाडेगावी १९३२ साली ऊस संशोधन केंद्र निघाले. तेथे आर. डी. रेगे यांनी उसाच्या पोषणाचा अभ्यास केला. जे. के. बसू व एस. एस. सिरूर यांनी नीरा उजवा आणि प्रवरा या कालव्यांखालील जमिनींचे थर वरून खालपर्यंत तपासून त्यांची वर्गवारी १९३८ मध्ये प्रसिद्ध केली. कोणत्या जमिनीला पाणी मानवते आणि कोणती पाण्याने बिघडते, हे त्या थरांवरून कळते. अशी माहिती पाऊण शतकाहून अधिक काळ छापील असताना आपण माती न तपासताच लागण करावी, याचे आम्हांस नवल वाटते.

पाडेगावचाच फुले २६५ हा वाण २००७ साली शेतकऱ्यांच्या हाती आला. क्षारपड जमिनीत तो इतर वाणांपेक्षा तग धरतो. परंतु वाण सोशीक आहे म्हणून जमीन सुधारत नाही. चोपण जमिनीत जिप्सम घातले की त्यातील कॅल्शियम सोडियमला मातीच्या कणांपासून सोडवितो. सुटलेला सोडियम पाण्याबरोबर शेताबाहेर गेला पाहिजे. चर नसेल तर तो तेथेच राहील आणि जिप्समचा खर्च पाण्यात जाईल.

आणि अडचण येथेच आहे. एकाचा चर दुसऱ्याच्या शेतातून ओढ्यापर्यंत न्यावा लागतो, अन् बांधावरून भाऊबंदांत बोलणे बंद असते. आमची सूचना एवढीच : ज्यांची शेते लागून आहेत त्यांनी आज दुपारच्या भोजनानंतर गटांचे नकाशे घेऊन एकत्र बसावे आणि चर कोठून न्यावयाचा ते ठरवावे. मातीचे नमुने कसे घ्यावेत, हे आम्ही तेथेच दाखवू.