मेडिकलचं दार आणि मेहेरबानीची किल्ली

(चंदगड इथं अकरावी-बारावी सायन्सच्या मुलामुलींपुढं केलेल्या भाषणाचा मजकूर)



तुमच्यातले काहीजण शहरातल्या ख्रिस्ती कॉलेजात नाव घालायच्या बेतात आहेत. दगडी इमारत, जुनी प्रयोगशाळा, इंग्रजी बोलणारे फादर. घरचे म्हणतात, तिथं जात विचारत नाहीत. मी म्हणतो, जा. जरूर जा. पण दोन गोष्टी डोक्यात पक्क्या करून जा. एक, जीवशास्त्र कशासाठी शिकायचं. दोन, कुठलं दार हक्कानं उघडतं आणि कुठलं मेहेरबानीनं.

नीटचा पेपर 720 मार्कांचा. त्यातले निम्मे, 360, एकट्या जीवशास्त्राचे. बरोबर उत्तराला चार, चुकलं की एक वजा. क्लासवाले सांगतात, पुस्तक ओळ न ओळ पाठ करा. करा ना! पण त्या ओळींत आपल्या कामाचं काय आहे तेही बघा.

पिढ्यानपिढ्या आम्हाला सांगितलं गेलं, तुमचं रक्त हलकं. 1901 साली लँडस्टायनरनं रक्ताचे गट जगापुढं मांडले. त्यात ब्राह्मण गट नाही, महार गट नाही, मांग गट नाही. 1952 साली मुंबईत डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक दुर्मीळ गट शोधला, बॉम्बे ब्लड ग्रुप. ह्या गटाच्या माणसाला ओ गटाचं रक्तसुद्धा चालत नाही. त्याच गटाचं लागतं. म्हणजे उंच माडीवरचा पेशंट टेबलावर असला, तर त्याच्या जातभाईचं रक्त त्याचा जीव घेईल आणि मांगवाड्यातला त्याच गटाचा पोरगा त्याला वाचवील. त्या वेळी विचारा म्हणावं गोत्र!

आता आपल्या तालुक्याचं बघा. माकडताप. 1957 साली कर्नाटकातल्या क्यासनूरच्या जंगलात हा आजार ओळखला गेला. 2016 साली तिलारी घाटाखाली, सिंधुदुर्गात त्याची साथ आली. विषाणू गोचिडीतून माणसात येतो. मग काजूच्या हंगामात रानातल्या पाचोळ्यात वाकून बिया कोण वेचतं? बागायतदार? बागायतदार हिशेब लिहितो. वाकते ती मजुराची बाई. पुस्तकातला आर्थ्रोपोडाचा धडा तुमच्या आईच्या पायाला चावतो, मित्रांनो. तो नुसता मार्कांसाठी पाठ करू नका.

आता दुसरी गोष्ट.

मिशनऱ्यांनी आपल्यासाठी काहीच केलं नाही असं म्हणणारा खोटं बोलतो. जोतीबा फुले पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. त्यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवे ह्या मांग समाजातल्या मुलीचा निबंध 1855 साली ‘ज्ञानोदय’नं छापला, आणि ‘ज्ञानोदय’ ख्रिस्ती लोकांचं पत्र. मिरजेला वॉन्लेस डॉक्टरांनी 1894 साली मिशनचं हॉस्पिटल उभं केलं. वेल्लोरला आयडा स्कडर ह्या बाईनं 1918 साली मुलींसाठी मेडिकल स्कूल काढलं. हे ऋण आपण नाकारत नाही.

पण ऋण वेगळं, हक्क वेगळा. 2005 च्या 93व्या घटनादुरुस्तीनं खाजगी शिक्षणसंस्थांत राखीव जागा ठेवायचा रस्ता खुला केला. त्याच कलमात, 15(5) मध्ये, अल्पसंख्याकांच्या संस्था वगळल्या. म्हणजे ज्या दारावर तुम्ही थाप मारणार, तिथं तुमची राखीव जागा नाही. 2025 साली राज्य सरकारनं अकरावीला अशा कॉलेजांतही सामाजिक आरक्षण लावायचा आदेश काढला, आणि जूनमध्ये मुंबई हायकोर्टानं त्याला अंतरिम स्थगिती दिली. तिथं प्रवेश मिळाला तर तो तुमच्या मार्कांवर, नाहीतर त्यांच्या मर्जीवर.

पुढचा पेच आणखी वाईट. वेल्लोरच्या मेडिकलच्या बहुतेक जागा ख्रिस्ती विद्यार्थ्यांच्या, चर्च नाहीतर मिशनच्या शिफारशीनं. नीट तिथंही लागतेच, सुप्रीम कोर्टानं 2020 साली तसा निकाल दिलाय. दुसरीकडं 1950 चा राष्ट्रपतींचा आदेश. त्यानं अनुसूचित जाती हिंदूंपुरत्या ठेवल्या. शिखांना 1956 साली घेतलं. बौद्धांना 1990 साली, तेही चौतीस वर्षं झगडल्यावर. ख्रिस्ती झालेला दलित अजून बाहेरच. चर्चची शिफारस हवी तर बाप्तिस्मा पाहिजे, आणि बाप्तिस्मा घेतला की अनुसूचित जातीचा दाखला गेला. धर्म बदलला म्हणून वस्ती बदलली का? विहीर बदलली का? देवळाच्या पायरीवरून हाकललेला माणूस चर्चच्या मागच्या बाकावर बसला म्हणून त्याची जात जात नाही. तो आपलाच माणूस आहे. त्याच्या दाखल्याची मागणी आपणच केली पाहिजे.

मग करायचं काय?

ख्रिस्ती कॉलेजातली दोन वर्षं प्रयोगशाळेसाठी वापरा, इंग्रजीसाठी वापरा, ग्रंथालय पिंजून काढा. तिथं कुणी दयेनं बोललं तर नम्रपणे ऐका, पण मिंधे होऊ नका. तुमचा हक्क पुढं आहे. राज्यातल्या सरकारी मेडिकल कॉलेजात अनुसूचित जातींना 13 टक्के, अखिल भारतीय कोट्यात 15 टक्के. आणि ह्या हक्काला कागद लागतो. जात वैधता प्रमाणपत्र आजच काढायला घ्या, निकालाची वाट बघू नका. अनुसूचित जातीला 10 ऑगस्ट 1950 च्या आधीचा पुरावा मागतात. 1956 पर्यंत आपला तालुका बेळगाव जिल्ह्यात होता. म्हणून आज्याची नोंद इथं सापडली नाही, तर बेळगावच्या दप्तराची धूळ झटकायची तयारी ठेवा. बेळगाव आपल्याला कोल्हापूरपेक्षा जवळ, पण मेडिकल प्रवेशाला ते परराज्य. राज्य कोट्यातल्या राखीव जागेसाठी तुम्हाला महाराष्ट्रातच यावं लागणार.

आणि एक मागणी मोठ्यानं करा. चर्चकडं नाही, सरकारकडं. ह्या तालुक्यातल्या पोरीला चांगल्या प्रयोगशाळेसाठी मुंबई का गाठावी लागते? कोल्हापूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजला राजर्षी शाहूंचं नाव दिलंय. 1902 साली ज्यानं आपल्या संस्थानात निम्म्या नोकऱ्या मागासलेल्यांसाठी राखल्या, त्या राजाचं नाव. त्या कॉलेजच्या दारापर्यंत चंदगडच्या वाडीतून सरळ रस्ता पाहिजे. सरकारी सायन्स कॉलेज पाहिजे, वसतिगृह पाहिजे, वेळेवर शिष्यवृत्ती पाहिजे.

डॉक्टर झालात की काजूच्या हंगामात एकदा तरी इकडं या. तापानं फणफणलेली बाई दवाखान्यात आली, तर तिला नुसती तापाची गोळी देऊन परत पाठवू नका. रानात गेली होती का, ते आधी विचारा.

जय भीम.