कार्ड गटाचं, पिशवी कुणाची?

(संघाच्या वार्षिक सभेत केलेलं भाषण. ज्यांना सभेला येता आलं नाही त्यांनी मागितलं, म्हणून इथे छापत आहोत.)



मला वीस मिनिटं दिलीत आणि विषय दिलाय 'खरेदी आणि हिशोब'. हा विषय काढला की निम्म्या बाया चहाच्या किटलीकडं बघायला लागतात, हे मला माहीत आहे. म्हणून आज वह्या कशा लिहायच्या ते सांगत नाही. एका प्लॅस्टिकच्या कार्डाची गोष्ट सांगते. आमच्याच गटाची आहे आणि त्यात चूक माझीही आहे.

आमचा गट मसाले करतो, दिवाळीला फराळ करतो. बेसन, तेल, पोहे, धने, मिरची असा माल लागतो. तालुक्याच्या किराणा दुकानातून घेतला तर आपल्या हातात काही राहत नाही. कुणीतरी सांगितलं, पुण्याच्या बाहेर एक मोठं घाऊक दुकान आहे, तिथं फक्त धंदेवाल्यांना माल मिळतो. फूड लायसन्स आणि शॉप अॅक्टचा कागद दाखवला की कार्ड देतात. आम्ही गेलो. कार्ड गटाच्या नावानं निघालं आणि त्यावर फोन नंबर पडला आमच्या गटाच्या अध्यक्षांचा. पुण्याला भाजी घेऊन जाणारा टेंपो परत येताना रिकामाच असतो, त्यात माल टाकायचा. तेलाच्या एका डब्यामागं चांगले पैसे सुटायला लागले. आम्ही खूश.

गावात गोष्ट लपत नाही. पहिल्यांदा शेजारणीनं विचारलं, "तुम्ही जाताच आहात, तर पोरीच्या साखरपुड्याला तेलाचे दोन डबे आणाल का?" आणले. मग कुणाच्या वास्तुशांतीचा तांदूळ झाला, कुणाच्या जावळाची साखर झाली. पैसे ज्याचे तो देत होता, गटाचा एक रुपया त्यात जात नव्हता. मग वाईट काय? आम्हालाही तसंच वाटलं. पुढं पुढं तर कुणी सोबत येईनासं झालं. गावातला एक दुकानदार स्वतःच गाडी घेऊन जायचा, काउंटरवर अध्यक्षांचा नंबर सांगायचा. यांच्या फोनवर चार आकडे यायचे. या भाकरी थापता थापता ते आकडे त्याला फोनवर सांगायच्या. संपली खरेदी.

अकरा महिने असं चाललं. मग दिवाळीच्या आधी आम्ही बँकेत 3 लाखांचं कर्ज मागितलं. फराळाची ऑर्डर होती 180 किलोची. साहेब म्हणाले, कच्च्या मालाची बिलं दाखवा. सुट्टी बिलं कोण शोधत बसणार? आम्ही दुकानातून वर्षाच्या खरेदीचा छापील उतारा काढून आणला आणि मोठ्या ऐटीत टेबलावर ठेवला.

उताऱ्यावर खरेदी होती 3,12,650 रुपये. माझ्या वहीत होती 1,38,400.

साहेब शांतपणे म्हणाले, "ताई, पावणेदोन लाखांचा माल तुमच्या नावानं उचललाय आणि वहीत त्याचा पत्ता नाही. तो विकला का? विकला तर पैसे कुठं आहेत?" मला तोंडातून शब्द फुटेना. त्यांचं काही चुकलं नव्हतं. त्यांच्या जागी मी असते तर मीही हेच विचारलं असतं.

त्या रात्री बैठक बसली ती साडेअकरापर्यंत चालली. दहा वर्षं एका ताटात जेवलेल्या आम्ही बाया. एक म्हणाली, अध्यक्षांनी परस्पर धंदा केला. दुसरी म्हणाली, त्यांच्या भावानं नवी मोटारसायकल घेतली ती कशातून? सगळ्यांत मोठ्यानं बोलत होते मी, कारण सचिव मी, वही माझी आणि बँकेत मान खाली गेली ती माझी. अध्यक्ष एक शब्द बोलल्या नाहीत. उठल्या आणि घरी गेल्या. पुढच्या चार बैठकांना आल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी उतारा घेऊन ओळ न् ओळ वाचायला बसले. तारीख बघायची आणि त्या दिवशी गावात कुणाकडं काय कार्य होतं ते आठवायचं. वैशाखातल्या एका तारखेला थांबले. बासमती तांदळाच्या पिशव्या, तूप, काजू, 7,900 रुपये. हे लग्न कुणाचं? माझ्या पुतण्याचं. खाली आणखी एक ओळ, ती माझ्या घरच्या सत्यनारायणाची. मीच अध्यक्षांना फोन करून म्हणलं होतं, "वहिनी, तेवढं कार्डावर घ्या की, मी पैसे देते."

मी दिले होते पैसे. पण वहीत लिहिलं नव्हतं. कारण माझ्या डोक्यात ती गटाची खरेदी नव्हतीच. दुकानाच्या कागदावर मात्र होती.

तसंच उठून त्यांच्या घरी गेले. काय बोलले ते सभेत सांगत नाही. पण तिथून पुढं आम्ही दोघींनी मिळून दारोदार जाऊन हिशोब लावला. 1,74,250 रुपयांपैकी 1,61,000 रुपयांचा माल कुणी नेला ते कळलं. लोकांनी लिहून दिलं, सह्या केल्या. त्या दुकानदारानं मात्र खूप फिरवलं. "मी कधी गेलो?" इथपर्यंत आला होता. 13,250 रुपयांचा माल कुणी नेला ते आजपर्यंत समजलेलं नाही. कर्ज मिळालं, पण मार्गशीर्षात. तोवर दिवाळी होऊन गेली होती. 180 किलोतला आम्ही 60 किलो फराळ केला, तोही उसनवारीवर. बाकीची ऑर्डर दुसरीकडं गेली, आणि यंदाही ते गिऱ्हाईक आमच्याकडं आलेलं नाही.

आता तुम्ही म्हणाल, माल विकायला बसलेल्या दुकानाला कार्ड लागतंच कशाला? पैसे देतोय ना आपण? मलाही हा प्रश्न होता, म्हणून मी जरा खोलात गेले.

कार्ड मागणारी सगळी दुकानं एकसारखी नसतात. माझी भाची अमेरिकेत असते. तिच्याकडं कॉस्टको नावाचं दुकान आहे. तिथं आत जायलाच वर्षाची वर्गणी, 65 डॉलर, म्हणजे आपले पाच हजारांच्या वर. माल ते अगदी थोड्या नफ्यावर विकतात आणि कमाईचा मोठा भाग या वर्गणीतून काढतात. म्हणून एका कार्डावर चार घरं खरेदी करायला लागली की त्यांचं दुखतं. 2024 मध्ये त्यांनी दारातच कार्ड तपासायची यंत्रं बसवायला सुरुवात केली, फोटो जुळवून बघतात. तिथंही वाट ठेवलीय बरं का. घरातल्या आणखी एका माणसाला त्याच वर्गणीत कार्ड मिळतं, आणि सोबत दोन पाहुणे नेता येतात. पैसे मात्र कार्डवालीनंच द्यायचे. भाची सांगते, शेजारणीला घेऊन जाते, तिचाही माल स्वतःच्या बिलात घेते आणि घरी येऊन पैसे मागायला लाजते. म्हणजे तिथंही आपल्यासारखंच.

आपल्याकडच्या घाऊक दुकानाचं कारण वेगळं आहे. तिथं बहुतेक वर्गणी नसते. आपल्या देशाचा नियम असा की परदेशी कंपनीला घाऊक धंद्यात 100 टक्के भांडवल घालता येतं, पण नाना कंपन्यांचा माल विकणाऱ्या किरकोळ दुकानात 51 टक्क्यांपर्यंतच, तेही सरकारच्या मंजुरीनं. छोट्या दुकानदारांच्या पोटावर पाय येऊ नये म्हणून हे ठेवलंय. त्यामुळं परदेशी भांडवलाच्या घाऊक दुकानानं माल धंदेवाल्यांना किंवा नोंदणी असलेल्या संस्थांनाच विकायचा, आणि कुणाला, कोणत्या नोंदणीवर, किती रुपयांचा विकला हे रोज लिहून ठेवायचं. आपलं कार्ड म्हणजे त्यांच्या त्या वहीतलं आपलं पान. आपण शेजारणीला कार्ड दिलं तेव्हा सवलत दिली असं आपल्याला वाटतं, पण खरं तर आपल्या पानावर तिला लिहू दिलं. आणि ज्या गटाचा जीएसटी नंबर आहे त्यांनी तर दुप्पट जपायचं. त्या नंबरावर बिल फाडलं की ती खरेदी सरकारच्या पोर्टलवर आपल्या नावापुढं दिसते.

साताऱ्यात हे बोलायचं आणि मिलिटरी कॅन्टीनचं नाव काढायचं नाही, असं कसं होईल? अपशिंगे मिलिटरीपासून आपल्या वाडीपर्यंत घराघरात फौजी आहेत. कॅन्टीनला जीएसटीतला निम्मा कर सरकार परत देतं, म्हणून तिथं माल स्वस्त. तो कर सोडलाय तो सैनिकासाठी, आणि त्याच्या माघारी त्याच्या बायकोसाठी. म्हणून दर महिन्याला मर्यादा असते. माझ्या ओळखीच्या एका मावशींचं कार्ड त्यांचा पुतण्या "मी आणतो ना काकू तुमचं सामान" म्हणून घेऊन जायचा. सामान यायचं साबण आणि चहापत्ती. बाटल्यांचा कोटा तो बाहेर विकायचा. मावशींना पत्ताच नव्हता. कार्ड बंद झालं तेव्हा सत्तरीतल्या बाईला तीन हेलपाटे मारावे लागले, आणि लोक दारूचं नाव घेऊन हसले ते वेगळंच. ज्या घरात विधवा सासू किंवा आई आहे आणि तिचं असं कार्ड आहे, त्यांनी आज घरी गेल्यावर ते कुणाच्या खिशात आहे एवढं बघा.

पण नाही म्हणायचं कसं? खरी अडचण ही आहे. गावात राहायचंय. आज मी तेलाच्या डब्याला नाही म्हणलं तर उद्या माझ्या भांगलणीला कोण येणार? आमच्या अध्यक्षांनी पैसे खाल्ले नव्हते. त्यांना नाही म्हणता आलं नव्हतं. आम्ही मग एक केलं. गटात ठराव लिहिला की कार्डावर फक्त मसाला आणि फराळाचा माल घ्यायचा, आणि पैसे गटाच्या खात्यातूनच जायचे. कार्ड पेटीत ठेवलं. पेटीला तीन किल्ल्या असतातच. आता कुणी विचारलं की अध्यक्ष म्हणतात, "माझ्या हातात असतं तर दिलं असतं हो, पण गटाचा ठराव आहे." वाईटपणा एकटीवर येत नाही. फोनवर आकडे सांगणं तर बंदच. ते आकडे म्हणजे आपली सहीच, आणि सही आपण भाकरी थापता थापता करत नाही.

जिचा स्वतःचा धंदा आहे, खानावळ असो की वडापावची गाडी, तिला आम्ही म्हणतो, तुझं तू कार्ड काढ. उद्यम नोंदणी ऑनलाइन होते आणि फुकट होते, त्याचे कुणी पैसे मागितले तर देऊ नका. दुकानाला आणखी कोणते कागद लागतात ते विचारून घ्यायचं. आमच्या गटातल्या दोघींनी अशी कार्डं काढली. एकीच्या हातात स्वतःच्या नावाचं कार्ड आलं तेव्हा तिनं ते देव्हाऱ्यात ठेवलं होतं. सासरे म्हणाले, अगं ते दुकानात न्यायचं असतं.

राहिला घरचा किराणा. त्यासाठी हे कार्ड नाही, पण स्वस्ताईची गरज तर आहेच. इथं मला मुंबई ग्राहक पंचायतीचं नाव घ्यावंसं वाटतं. 1975 पासून मुंबईतली शेजारपाजारची घरं आपापला संघ करतात, महिन्याची यादी आधी देतात, पंचायत एकदम घाऊक खरेदी करते आणि माल आला की संघातली माणसंच वाटप करतात. नोकरी करून, लोकलनं घरी येऊन बायका हे करत आल्यात. ना मोठं दुकान, ना दारावर रखवालदार.

आम्ही त्याचं छोटं रूप करून बघितलं. गेल्या चैत्रात 14 घरांची यादी एकत्र केली आणि मार्केट यार्डात भुसार व्यापाऱ्याकडून गहू, तूरडाळ, शेंगदाणे पोत्यांनी घेतले. पैसे आधी, माल नंतर. पहिल्या वेळी शेंगदाण्याचं एक पोतं खवट निघालं आणि परत द्यायला दोघींचा दिवस गेला. दुसऱ्या वेळेपासून पोतं फोडून, दाणा चावून बघितल्याशिवाय टेंपोत चढवत नाही. वजनाला आमचाच काटा. त्या साखरपुड्यावाल्या शेजारीण, ज्यांच्यापासून हे सगळं सुरू झालं, त्या आता या यादीत आहेत आणि वाटपाला सगळ्यांच्या आधी येतात.

संघानं यंदा हे सगळ्या गटांसाठी करायचं ठरवलंय. दिवाळीच्या भुसार मालाच्या याद्या तुमच्या गटाच्या सचिवाकडं द्या, घरमालकाच्या नव्हे, तुमच्या स्वतःच्या नावानं. यादीसोबत पैसे, पैशाची पावती लगेच घ्यायची. वाटपाला येताना पोती आणि दोरी घरून आणा. मागच्या वेळी दोऱ्या कमी पडल्या होत्या.