लँटर्नला मराठीत काय म्हणाल?

आजचा भाग एका शब्दावर आहे: लँटर्न. शब्दकोश उघडला की समोर ‘कंदील’ येतं आणि आपण पुढे जातो. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. तिथे तर इंग्रजी शब्दासमोर एक मराठी शब्द टाकला, की रकाना भरला, काम झालं. पण चंद्रपूर-गडचिरोलीत हा रकाना एका शब्दाने भरत नाही.

आधी कंदीलच घेऊ. हा शब्द आपल्याकडे आला अरबी ‘किंदील’वरून, आणि त्याचं मूळ जातं लॅटिनमधल्या ‘कांदेला’पर्यंत. इंग्रजीतली कँडलही तिथलीच. म्हणजे कंदील आणि कँडल ही चुलत भावंडं. लँटर्नचं घराणंच वेगळं. आता गडचिरोलीचा नकाशा डोळ्यासमोर आणा. पूर्वेला छत्तीसगड, तिकडे हिंदीत ‘लालटेन’. दक्षिणेला सिरोंचा, नदी ओलांडली की तेलंगणा, आणि तेलुगूत ‘लांतरू’. हे दोन्ही लँटर्नच्या कुळातले. वस्तू एकच, आणि जिल्ह्याच्या तीन बाजूंना तिची तीन नावं.

बरं, वस्तू तरी एकच आहे का? चिमणी म्हणजे रॉकेलची छोटी बत्ती, वात उघडी. वाऱ्याची झुळूक आली की गेली. कंदिलाला काच असते आणि धरायला कडी. म्हणून चिमणी घरात बसते, कंदील माणसाबरोबर बाहेर पडतो. कराडजवळच्या ओगलेवाडीला ओगले काच कारखान्यात कंदील बनायचे, त्यांचं नाव होतं ‘प्रभाकर’. प्रभाकर म्हणजे सूर्य! रॉकेलवरच्या दिव्याला सूर्याचं नाव.

हे नाव जास्त वाटत असेल, तर भामरागड तालुक्यातलं हेमलकसा आठवा. 1973 साली तिथे लोक बिरादरी प्रकल्प सुरू झाला, तेव्हा वीज नव्हती आणि पुढे कित्येक वर्षं आली नाही. अंधार पडल्यावर आलेला रुग्ण कंदिलाच्या उजेडातच तपासायचा. आणि शेजारच्या चंद्रपुरात? कोळशावर चालणारं मोठं वीज केंद्र, आजची क्षमता 2920 मेगावॅट. वीज तारांवरून राज्यभर जायची, जंगलातल्या गावांत मात्र संध्याकाळी राखेने काचा पुसणं चालूच.

त्याच कोळशाच्या खाणीत लँटर्नचा आणखी एक भाऊ भेटतो: सेफ्टी लॅम्प. हंफ्री डेव्ही या शास्त्रज्ञाने तो 1815 मध्ये तयार केला. ज्योतीभोवती बारीक तारेची जाळी. जाळी उष्णता ओढून घेते, त्यामुळे आतली ज्योत बाहेरच्या वायूला पेटवत नाही. खाणीत मिथेन असेल तर ज्योतीवर निळसर टोपी दिसते. प्राणवायू कमी झाला तर ज्योत मंदावते, विझतेसुद्धा. उजेडासाठी डोक्यावर कॅप लॅम्प असतो; हा दिवा हवा तपासायला.

आता समजा, खाणीतल्या सूचनेचं भाषांतर कुणीतरी केलं आणि लिहिलं, ‘कंदील विझल्यास बाहेर पडा.’ गावात कंदील विझतो तेव्हा माणूस काडेपेटी शोधतो. इथे काडी ओढली तर? एका शब्दाची किंमत एवढी असू शकते.

आपल्याकडे हे भान असलेली माणसं होती. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी 1892 मध्ये मॅजिक लँटर्नचे खेळ सुरू केले, त्याला नाव दिलं ‘शांबरिक खरोलिका’. बोलायला जड आहे, मान्य. पण ‘जादूचा कंदील’ म्हणून ते मोकळे झाले नाहीत. हा दिवा पडद्यावर चित्रं हलवतो, रस्ता दाखवत नाही, हे त्यांनी ओळखलं.

आज कंदील म्हटलं की मुलांना दिवाळीचा आकाशकंदील आठवतो. त्यात रॉकेल नाही, वात नाही. छानच आहे, शब्द जगला. पण तुम्ही ॲप करा, पाटी रंगवा नाहीतर सूचना लिहा. रकाना भरण्याआधी एकच विचारा, या दिव्याचं काम काय? आणि जो तो दिवा हातात धरतो, त्यालाही विचारा. त्याच्याकडे शब्द बहुतेक आधीच असतो.

तुमच्या घरी, तुमच्या गावात याला काय म्हणतात, नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात.