एकमाणशी होडीतून हॅलिबटची मासेमारी



मी कृषिविद्येचा माणूस. भात, नाचणी, वाल सोडून आज मासळीवर बोलणार म्हटल्यावर आपणांस नवल वाटेल. परंतु किनाऱ्यालगत राहणाऱ्या आपल्यापैकी अनेकांच्या घरी नांगराशेजारी गळ किंवा पाग असतोच. म्हणून प्रत्यक्ष पाहिलेली एक गोष्ट सांगतो.

२०१९ साली प्रशिक्षणानिमित्त मी अमेरिकेत, कॅलिफोर्नियातील मॉन्टेरे उपसागराकाठी होतो. वॉटसनव्हिल हे तेथील स्ट्रॉबेरीचे गाव. ज्यांच्या मळ्यातील गादीवाफे मी पाहत होतो, ते शेतकरी रविवारी पहाटे कयाक घेऊन समुद्रात जात. एकदा मलाही नेले. कयाक म्हणजे एका माणसाची अरुंद होडी. तिच्या वल्ह्याला दोन्ही टोकांना पाती असतात. मूळची ती उत्तरेच्या बर्फाळ मुलखातील इन्युइट लोकांची, सांगाड्यावर सीलचे कातडे ताणून केलेली. आताची प्लास्टिकची, बारा-तेरा फूट लांब असते. इंजिन नाही, डिझेलचा खर्च नाही.

ज्या माशासाठी हा खटाटोप, तो कॅलिफोर्निया हॅलिबट. आपल्याकडील लेप किंवा भाकस डोळ्यांसमोर आणावा, तसाच हा चपटा. भाकसाला इंग्रजीत इंडियन हॅलिबटच म्हणतात, मात्र दोघांचे कूळ निराळे आहे. हॅलिबटचे पिल्लू प्रथम इतर माशांसारखे उभे पोहते. काही आठवड्यांत त्याचा एक डोळा डोक्यावरून सरकत दुसऱ्याशेजारी येतो आणि मग तो मासा जन्मभर एका कुशीवर वाळूत दबा धरून राहतो. तारलीसारखी छोटी मासळी वरून गेली की झडप घालतो. वसंत ऋतूत अंडी घालण्यासाठी तो किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात येतो, म्हणूनच वल्ह्याच्या होडीला मिळतो.

पद्धत सोपी आहे. गळाला जिवंत तारली लावावी, शिशाचे वजन तळाला टेकेल एवढी दोरी सोडावी आणि होडी वाऱ्याबरोबर सावकाश वाहू द्यावी. ओढ जाणवताच हिसका मारू नये. हा मासा आमिष आधी दातांत धरतो, गिळतो नंतर. माझे पहिले दोन मासे याच घाईने गेले.

खरी कसोटी मासा वर आल्यावर असते. फळीसारखा निमूट वर येतो आणि पाण्याबाहेर डोके निघताच उसळतो. दात असलेला मासा मांडीवर तडफडू लागला तर एवढीशी होडी उलटायला वेळ लागत नाही. त्यासाठी दांड्याच्या झोळीत तो डोक्याकडून घ्यावा. समुद्रात होडीतून मासेमारी करताना किमान १८ इंच रुंदीची अशी झोळी जवळ असणे तेथे कायद्याने बंधनकारक आहे.

तेथील पाणी बारा-तेरा अंश सेल्सिअस, म्हणजे पट्टीच्या पोहणाऱ्याचेही हातपाय थोड्या वेळात आखडतात. रबरी पोशाख आणि लाइफ जॅकेट घातल्याखेरीज माझ्या यजमानांनी मला होडीला हात लावू दिला नाही. दुपारी वारा वाढतो, म्हणून अकराच्या आत परतायचे. तरी परतताना पुळणीजवळच्या लाटेने मला उलटे केलेच. लाइफ जॅकेटने मी वर आलो. गळाची काठी मी होडीला बांधली नव्हती, ती गेली. आपल्याकडे पाणी उबदार आहे, परंतु खाडीच्या मुखावरची लाट कोणाची ओळख ठेवत नाही. पातीत लाइफ जॅकेट आहे म्हणजे झाले असे समजू नये, ते अंगात असावे.

आता मुख्य मुद्दा. त्या दिवशी मला एकच हॅलिबट मिळाला. यजमानांनी तो वल्ह्याला लावला. वल्ह्यावर २२ इंचांची खूण होती, मासा दोन बोटे कमी भरला. मी शेपटी ताणून पाहिली. ते काही बोलले नाहीत, फक्त खुणेकडे बोट दाखवले. मासा पाण्यात गेला. २२ इंचांपेक्षा लहान हॅलिबट ठेवणे तेथे गुन्हा आहे. कारण असे, की नर दोन-तीन वर्षांत वयात येतो, मादीला मात्र चार-पाच वर्षे लागतात. फार मोठे हॅलिबट बहुतेक माद्याच असतात आणि मादी जितकी मोठी तितकी तिची अंडी जास्त. यजमान म्हणून फार मोठी मादीही सोडून देत, यासाठी कायदा नसतानाही. भरदार कणीस आपण बियाण्याला ठेवतो, तोच हिशेब. २०२३ मध्ये त्या भागात माणशी रोजची मर्यादाही तीन माशांवरून दोनवर आणली गेली.

त्याच वर्षी महाराष्ट्र शासनाने पापलेटला राज्य मासा घोषित केले आणि ५४ जातींच्या माशांसाठी किमान आकार ठरवून दिला. हा नियम केवळ ट्रॉलरवाल्यांसाठी आहे असा समज किनाऱ्यावर ऐकू येतो, तो चुकीचा आहे. आपल्या भागात मिळणाऱ्या जातींचे आकार जवळच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात विचारून घ्यावेत आणि वल्ह्यावर सुरीने खुणा कोराव्यात. रंगाने केलेली खूण खाऱ्या पाण्यात टिकत नाही.