बर्फावरील पहिले सहा दिवस



हिवाळ्यांत काश्मीरला जाणारीं मराठी कुटुंबें गुलमर्गला बहुधा एक दिवस देतात. त्या एका दिवसांत गोंडोल्यांत बसावयाचें, बर्फाचे गोळे फेकावयाचे, आणि भाड्याच्या पट्ट्या पायांस बांधून, कोणा स्थानिक तरुणाचा हात धरून पन्नास पावलें घसरावयाचें, एवढें सगळें उरकावयाचें असतें. संध्याकाळीं छायाचित्रें घरीं पोहोंचतात आणि 'आम्हीं स्कीइंग केलें' असें कळविलें जातें. ह्या करमणुकीस माझी हरकत नाहीं. मात्र ही विद्या ज्याला खरोखर शिकावयाची आहे त्यानें ह्या मार्गानें जाऊं नये. पस्तीस वर्षें मुलांना शिकविण्यांत घालविल्यामुळें मला एक संवय जडली आहे: नवी कला पाहिली कीं ती शिकण्यास किती दिवस लागावे, हा विचार प्रथम मनांत येतो. पुतण्या व त्याचीं दोन मुलें ह्यांच्यासह मी आठ दिवस गुलमर्गला राहिलों, तेव्हां ह्याच दृष्टीनें ती विद्या पाहिली, आणि वयाच्या मानानें थोडी केलीहि. नवशिक्यानें एकाच ठिकाणीं निदान सहा दिवस काढावे, असें माझें मत तेथें बनलें.

ठिकाणें आपल्याकडे मोजकींच आहेत. मनालीजवळच्या सोलंगला दुपारीं प्रवाशांची फार दाटी होते. औलीचे उतार शिकावयास चांगले आणि समोर नंदादेवीचें शिखर. परंतु जानेवारी २०२३ मध्यें जोशीमठांत जमीन खचली, घरांना तडे गेले, आणि जोशीमठाहून औलीस जाणारा रज्जुमार्ग बंद करावा लागला. तिकडे जाणारानें रस्त्यानेंच जावयाचें धरून, तेथील स्थिति विचारून मग निघावें. राहिलें गुलमर्ग. तेथें इंग्रज लष्करी अधिकाऱ्यांनीं १९२७ सालीं स्की क्लब काढला; आज केंद्र सरकारच्या पर्यटन मंत्रालयाची भारतीय स्कीइंग व गिर्यारोहण संस्था तेथेंच आहे. संस्थेच्या वर्गांत जागा मिळाली तर उत्तम. न मिळाल्यास नोंदणी झालेला शिक्षक सहाहि दिवसांकरितां एकच ठरवावा. रोज नवा शिक्षक म्हणजे रोज पहिला धडा!

काश्मीर म्हटलें कीं घरांतील वडील मंडळी आज दुसराहि प्रश्न विचारतात, आणि तो अयोग्य नाहीं. २२ एप्रिल २०२५ रोजीं पहलगामनजीक बैसरन येथें झालेल्या हल्ल्यांत २६ माणसें मारलीं गेलीं. त्यांत महाराष्ट्रांतील सहाजण होते. निघण्यापूर्वी सरकारी सूचना पहाव्या, आणि मन साशंक असल्यास हिमाचलाकडे वळावें. भीत भीत शिकणाराचे गुडघे आधींच ताठलेले असतात.

दिवस कोणते निवडावे? जानेवारीचा मध्य ते फेब्रुवारीची अखेर हा काळ सामान्यतः योग्य. मात्र बर्फाचा भरंवसा पूर्वीसारखा धरतां येत नाहीं. जानेवारी २०२४ मध्यें गुलमर्गचे उतार उघडे पडले होते, आणि फेब्रुवारी २०२५ मध्यें ठरलेले खेलो इंडिया हिवाळी सामने बर्फाअभावीं मार्चपर्यंत पुढें ढकलावे लागले. म्हणून खोल्या घेतांना तारीख बदलण्याची सोय आहे काय, हें भाड्याच्याहि आधीं विचारावें.

तयारी घरींच, दीड महिना अगोदर सुरू करावी. ह्या खेळांत सर्व भार मांड्यांवर येतो. त्यासाठीं आपल्या बैठकांइतका चांगला व्यायाम मला माहीत नाहीं. भिंतीस पाठ टेकून, खुर्चीवर बसल्यासारखे गुडघे वांकवून एक मिनिट राहून पहा. ज्याला तें साधत नाहीं त्यानें बर्फावर काय होणार तें ओळखावें.

गुलमर्गची उंची सुमारें २,६५० मीटर आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईहून एक हजार मीटर अधिक. पहिल्या दिवशीं जिना चढतांनाहि दम लागतो. तो दिवस विश्रांतीस आणि सामान निवडण्यास द्यावा. सामान तेथें भाड्यानें मिळतें. परंतु निवडण्याची घाई करूं नये. सर्वांत महत्त्वाचा बूट. उभें राहिलें असतां बोटें बुटाच्या टोंकाला जेमतेम टेकावीं, आणि गुडघे पुढें वांकवितांच तीं किंचित् मागें सरावीं. टांच आंत उचलतां कामा नये. आपलीं माणसें थंडीच्या धास्तीनें मोज्यांचे तीन जोड चढवितात. त्यानें पाय आवळतो, रक्त फिरत नाहीं, आणि पाय अधिकच गारठतो. लोकरीचा एकच लांब जोड घालावा. बुटाला पट्टीशीं धरणारी जी कळ असते तिला बाइंडिंग म्हणतात. पडतांना पाय मुरगळण्यापूर्वीच ती सुटावी अशी तिची योजना असते, आणि ती किती घट्ट बसवावयाची हें तुमचें वजन, उंची, वय व कौशल्य ह्यांवरून ठरतें. तेव्हां दुकानदारानें वजन विचारलें तर खरें सांगावें. येथें संकोच गुडघ्यास महाग पडतो. अंगालगत सुती गंजीफ्राक नको, तो घामानें भिजून थंड पडतो. काळा गॉगल हवाच, कारण ताजें बर्फ सूर्याचे जंबुपार किरण मोठ्या प्रमाणांत परत फेंकतें. शिरस्त्राणाचें काय, असें कोणी विचारूं नये, तें घालावयाचेंच.

आतां प्रत्यक्ष धडे. दुसरा दिवस सपाटीवर जातो. एका पायास पट्टी बांधून चालावयाचें, मग दोन्ही पायांस. मग पडावयाचें आणि उठावयाचें. पडतांना हात मागें टेकूं नये, बाजूस, टेकडीच्या अंगाला कुल्ल्यावर पडावें. उठतांना पट्ट्या उताराला आडव्या आणि शरीराच्या खालच्या बाजूस घ्याव्या. एरव्हीं उठतां उठतां माणूस घसरूं लागतो. हें वाचावयास सोपें आहे. माझ्या उठण्याकडे पाहून आमचा शिक्षक गंभीरपणें म्हणाला, "मास्टरजी, पोरं तर उतारावर गेली, आपण उद्यां सकाळींहि येथेंच भेटूं."

तिसऱ्या दिवशीं थांबण्याची कला. पट्ट्यांचीं टोंकें जवळ आणि मागचीं टोंकें दूर, असा नांगरासारखा आकार करून आंतल्या कडा बर्फांत रुतवावयाच्या. जितकें मागें फांकवावें तितका वेग कमी होतो. येथें मन शरीराशीं भांडतें. उताराच्या भीतीनें माणूस मागें रेलतो. मागें रेललें कीं पट्ट्यांचीं पुढचीं टोंकें हलकीं पडतात आणि त्या ऐकेनाशा होतात. नडगी बुटाच्या पुढच्या जिभेवर दाबून, दरीकडे झुकूनच ताबा मिळतो. मुलांना हें अर्ध्या तासांत कळतें. आम्हां प्रौढांना दोन दिवस लागतात, कारण आम्हीं पडण्याचे परिणाम पाहिलेले असतात. वळणें चौथ्या-पांचव्या दिवशीं येतात. मध्यें एखादा दिवस वादळांत किंवा अंगदुखींत जातोच. सहा दिवसांचा माझा आग्रह आहे तो ह्यामुळें.

आतां सांगतों त्याकडे पालकांनीं विशेष लक्ष द्यावें. गुलमर्गचा गोंडोला दोन टप्प्यांचा आहे. पहिला टप्पा कोंगदुरीपर्यंत, तो १९९८ सालीं सुरू झाला. दुसरा २००५ पासून अफरवत पर्वताच्या खांद्यापर्यंत, सुमारें ३,९५० मीटरांवर नेतो. तिसऱ्या दिवशीं थांबतां येऊं लागलें कीं तरुणांना वर जाऊन तेथून उतरण्याची ऊर्मि येते. ती निग्रहानें मोडावी. ८ फेब्रुवारी २०१० रोजीं ह्याच परिसरांत हिमलोट कोसळून लष्करी प्रशिक्षणांतील १७ जवान गेले. १ फेब्रुवारी २०२३ रोजीं अफरवतच्या उतारावर पोलंडचे दोन स्कीपटू गेले. २२ फेब्रुवारी २०२४ रोजीं एक रशियन स्कीपटू गेला. ह्यांत पर्वतांत तयार झालेले जवान होते. तेथें चार दिवसांच्या विद्यार्थ्याचें काय काम? नवशिक्यांचे सौम्य उतार गोंडोल्याच्या पायथ्याजवळ आहेत, आणि पहिल्या सफरींत तेवढे पुष्कळ. वर जाऊन देखावा अवश्य पहावा; उतरावें मात्र गोंडोल्यांतूनच.

सौम्य उतारावरहि शिस्त आहे. आंतरराष्ट्रीय स्की महासंघानें १९६७ सालीं दहा नियम केले. त्यांतील एक तरी मुलांकडून घोकून घ्यावा: पुढें जो असेल त्याचा हक्क पहिला, मागून येणारानें वाट काढावयाची. पुण्या-मुंबईच्या रस्त्यावर वाढलेल्या मुलास हें नवें वाटण्याचा संभव आहे.

प्रवासाचा विमा काढतांना हिमक्रीडा त्यांत वगळल्या आहेत कीं काय, तें वाचून घ्यावें. टंगमर्ग ते गुलमर्ग हा शेवटचा तेरा किलोमीटरांचा चढ बर्फांत सांखळ्या लावलेल्या मोटारीनेंच करावा लागतो, आणि बर्फ फार पडल्यास तो कांहीं वेळ बंदहि रहातो. म्हणून परतीचें विमान शेवटच्या धड्याच्या दिवसाचें काढूं नये. एक रात्र श्रीनगरांत हातीं ठेवावी. बूट दुकानदारास परत केलेले असले म्हणजे त्या संध्याकाळीं दल सरोवराच्या कांठानें फिरावयास पाय मोकळे मिळतात.