आधी वस्ती, मग आराखडा

(कर्वेनगर येथे नागरिकांसमोर झालेल्या व्याख्यानाचा संपादित अंश)



1900 साली महर्षी अण्णासाहेब कर्वे यांनी हिंगण्याच्या माळावर विधवा भगिनींसाठी एक झोपडी उभारली, तेव्हा पुणे शहर तेथून काही मैल दूर होते. फर्ग्युसन महाविद्यालयातील अध्यापन सांभाळून अण्णा ही वाट रोज पायी तुडवीत. तेच हिंगणे आज कर्वेनगर म्हणून ओळखले जाते आणि शहर त्याला मागे टाकून कितीतरी पुढे गेले आहे.

ते कसे गेले, हे कर्वेनगरहून खडकवासल्याच्या दिशेने जाणारा रस्ता सांगतो. पुढचे वारजे 1997 मध्ये महापालिकेत आले. त्यापुढील शिवणे-उत्तमनगर 2017 मध्ये आले. कोंढवे-धावडे आणि कोपरे यांना 2021 साल उजाडले. प्रत्येक ठिकाणी क्रम तोच! प्रथम शेतजमिनीचे गुंठ्या-गुंठ्याने तुकडे पडले, त्यावर इमारती चढल्या, पाण्याचे टँकर सुरू झाले. मग गाव महापालिकेत आले आणि सर्वांत शेवटी आराखड्याची चर्चा सुरू झाली. वस्तुतः हा क्रम नेमका उलट असावयास हवा.

शहराचे वाढणे हा दोष नव्हे. शिक्षणासाठी, रोजगारासाठी माणसे येणारच. आज येथे स्थिरावलेल्या कुटुंबांपैकी कितीतरी अशीच बाहेरून आलेली आहेत. दोष आहे तो नियोजनाच्या विलंबाचा. पुण्याच्या जुन्या हद्दीचा 2007 ते 2027 या कालखंडाचा विकास आराखडा जानेवारी 2017 मध्ये मंजूर झाला. वीस वर्षांच्या आराखड्याची दहा वर्षे मंजुरीपूर्वीच सरली! 1997 मध्ये आलेल्या 23 गावांतील टेकड्यांवर जैववैविध्य उद्यानाचे आरक्षण प्रस्तावित झाले. सुमारे 978 हेक्टर जमिनीचा हा प्रश्न होता. शासनाची मान्यता मिळाली ती 2015 मध्ये. तोवर काही उतारांवर घरे उभी राहिलेली होती. 2021 मध्ये आणखी 23 गावे आली आणि क्षेत्रफळात पुणे महापालिकेने मुंबईलाही मागे टाकले. मात्र या गावांच्या नियोजनाचे अधिकार शासनाने त्या वेळी पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे सोपविले. कर एका दारी भरावयाचा आणि परवानगीसाठी दुसऱ्या दारी जावयाचे, अशी नागरिकांची स्थिती झाली.

या विलंबाची किंमत निसर्ग वसूल करतो. 25 जुलै 2024 रोजी खडकवासला धरणातून पाणी सुटले आणि कर्वेनगरसमोरच्या तीरावरील, सिंहगड रस्त्याच्या एकतानगरीतील घरांत मुठेचे पाणी शिरले. 1961 च्या पानशेत प्रलयाचे स्मरण जपणाऱ्या शहरात हे घडावे, ही चिंतनीय गोष्ट होय. निळी आणि लाल पूररेषा नकाशावर आखल्याने नदी आवरत नाही. तिची जागा तिला ठेवावीच लागते.

मग हे दुष्टचक्र भेदता येते काय? येते, आणि उदाहरणे महाराष्ट्रातच आहेत. 1896 च्या प्लेगनंतर, 1898 मध्ये मुंबईत सुधार न्यासाची स्थापना झाली. त्याने दादर-माटुंगा परिसर आखताना प्रथम रस्ते व मोकळ्या जागा निश्चित केल्या; घरे त्यामागून आली. म्हणून शतकानंतरही तेथे झाडांची सावली आहे. पुण्यातच मगरपट्टा येथे शंभरावर शेतकरी कुटुंबांनी सुमारे 400 एकर जमीन तुकड्यांनी न विकता एकत्र केली आणि जमिनीच्या प्रमाणात भागीदारी स्वीकारून नियोजित वसाहत उभारली. शेतकरी भूमिहीन झाला नाही आणि रस्त्यांना जागाही मिळाली. नगररचना योजनेचे तत्त्व हेच आहे. प्रत्येकाने थोडी जमीन सोडावयाची, म्हणजे उरलेलीचे मोल वाढते.

तथापि, सारा दोष शासनाच्या माथी मारून मोकळे होता येणार नाही. सदनिका घेताना स्वयंपाकघरातील ओट्याच्या दगडाची चौकशी तासभर होते. पाणी कोठून येणार, सांडपाणी कोठे जाणार, हा प्रश्न किती जण विचारतात? मंजूर नकाशा किती जण पाहतात? रस्ता सर्वांनाच हवा असतो, पण रुंदीकरणाची रेषा आपल्या कुंपणातून जाऊ नये, अशीच प्रत्येकाची इच्छा असते. 1966 च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्याने प्रारूप आराखड्यावर हरकती व सूचना नोंदविण्याचा अधिकार प्रत्येक नागरिकास दिला आहे. तो बहुधा स्वतःच्या भूखंडापुरताच वापरला जातो. शाळेच्या, क्रीडांगणाच्या, ओढ्याच्या जागेसाठी हरकत घेणारे हात विरळाच!

म्हणून प्रत्येक वस्तीतील चार-सहा जाणत्या मंडळींनी आपल्या प्रभागाचा आराखडा मिळवावा, आरक्षणांची यादी करावी आणि ती जागा प्रत्यक्ष पाहून यावी. ओढा बुजविला जात असेल, तर पहिला डंपर आला त्याच दिवशी लेखी तक्रार द्यावी. काम छोटे आहे, चिकाटीचे आहे. अण्णासाहेबांची पायपीटही याच जातीची होती. एका दिवसात तिने काहीच घडले नाही. मात्र 1916 साली त्याच हिंगण्यात महिला विद्यापीठ उभे राहिले. हिंगण्याचे कर्वेनगर झाले. आता कर्वेनगरवासीयांनी त्या नावाला साजेसे शहर घडवावे, एवढीच अपेक्षा.