दीड लाखाचं कोटेशन
(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीनं मला बचतीवर बोलायला सांगितलं होतं. पण गेली पंचवीस वर्षं तुम्ही माझ्याकडून दुसरं काय ऐकलंय? म्हणून आज आपल्या बऱ्याच घरांत वाद लावणारा विषय घेतो. मुलांना हवा असलेला गेमिंग कॉम्प्युटर. आई म्हणते, खेळायला एवढे पैसे? मुलगा म्हणतो, तुम्हाला त्यातलं कळत नाही.

कळत नाही हे वाक्य आम्ही बँकेतही ऐकलंय. १९८४ साली रंगराजन समितीचा अहवाल आला आणि बँकांत लेजर पोस्टिंगची यंत्रं येऊ लागली. आम्ही बूट बाहेर काढून त्या वातानुकूलित खोलीत जायचो, देवळात जावं तसे. पण शिकलोच ना!

माझा नातू अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गेम खेळतो, आणि ब्लेंडर नावाच्या सॉफ्टवेअरवर त्रिमितीय चित्रंही करतो. त्यानं एका दुकानातून दीड लाखाचं कोटेशन आणलं. पैसे माझ्या मुदत ठेवीतून जाणार होते. मी म्हटलं, "बाळा, हे कर्जप्रकरण समज. प्रत्येक ओळ मला समजावून सांग, मग सही." तीन संध्याकाळी आम्ही दोघं बसलो. त्यातून जे हाती लागलं ते सांगतो.

कोटेशनमध्ये आरटीएक्स ५०७० टीआय हे ग्राफिक्स कार्ड होतं. निम्मी रक्कम त्यातच. खाली शेवटच्या ओळीत "एसएमपीएस ७५० वॉट", किंमत अडीच हजार. कंपनीचं नाव नाही, मॉडेल नाही. मॉनिटर घरातला जुनाच वापरायचा होता.

बँकेत आम्ही आधी कर्जाचा उद्देश विचारायचो. इथं उद्देश म्हणजे पडदा. साधा फुल एचडी पडदा १९२० गुणिले १०८० ठिपक्यांचा, म्हणजे सुमारे २० लाख ७० हजार ठिपके. २५६० गुणिले १४४० च्या पडद्यावर जवळपास ३७ लाख. फोर-केवर सुमारे ८३ लाख. हा प्रत्येक ठिपका ग्राफिक्स कार्डाला सेकंदाला कितीतरी वेळा रंगवायचा असतो. आमचा जुना मॉनिटर फुल एचडी आणि ६० हर्ट्झचा. कार्डानं सेकंदाला दीडशे चित्रं तयार केली तरी तो साठच दाखवणार. मोसंबीचा ट्रक भरलाय, पण गल्लीतून हातगाडीच जाते, अशातला प्रकार.

मग आम्ही उलटे निघालो. आधी १४४० चा, १८० हर्ट्झचा मॉनिटर ठरवला. त्याला पुरेसं म्हणून एक पायरी खालचं आरटीएक्स ५०७० घेतलं, १२ जीबी मेमरीचं. प्रोसेसर सहा कोअरचा रायझन ५ ७६००. त्याचं सॉकेट एएम५; पुढं हवा असल्यास मदरबोर्ड न बदलता त्यावर जास्त ताकदीचा प्रोसेसर बसतो. मात्र त्याला डीडीआर५ रॅमच लागते, जुनी चालत नाही. ब्लेंडरसाठी रॅम ३२ जीबी, १६ च्या दोन पट्ट्या. दोन पट्ट्या जोडीनं लावल्या की प्रोसेसरला माहिती दोन वाटांनी मिळते.

या कार्डात ६१४४ छोटे गणक एकाच वेळी राबतात. आपल्या पुण्याच्या सी-डॅकनं डॉ. विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली परम ८००० हा महासंगणक उभा केला, तोही अनेक छोटे प्रोसेसर एकत्र जोडूनच. एकेकट्याची ताकद बेताची, पण मेळ बसला की काम मोठं. सोसायटी चालवणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

आता त्या शेवटच्या ओळीकडे या. पॉवर सप्लाय म्हणजे घराचा पाया. दिसत नाही म्हणून तिथंच काटकसर होते. ५०७० एकटं २५० वॉटपर्यंत घेतं, आणि त्यासाठी किमान ६५० वॉटचा पॉवर सप्लाय असावा असं कंपनीच सांगते. आम्ही नामवंत कंपनीचा ७५० वॉटचा, ८० प्लस गोल्ड घेतला. ८० प्लसचा शिक्का वीज किती वाया जाते एवढंच सांगतो. संरक्षण कसं आहे ते मॉडेलची माहिती वाचूनच कळतं. नुसत्या "७५० वॉट" या शब्दावर पैसे देणं म्हणजे तारण न बघता कर्ज देणं.

यूपीएसही बघा. बाजारातला ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉटच देतो. असं मशीन खेळताना चारशेच्या आसपास जातं, वर मॉनिटर. लाईट गेली की तोही बसणार. आम्ही ११०० व्हीएचा घेतला.

चारशे वॉट रोज चार तास म्हणजे महिन्याला ४८ युनिट. शिवाय ती सगळी वीज शेवटी खोलीत उष्णता म्हणूनच उतरते. मे महिन्यातला आपला जालन्याचा पारा तुम्हाला माहीतच आहे. पंख्यानं कुठलाही भाग खोलीतल्या हवेपेक्षा थंड होत नाही. म्हणून काचेचं बंद, रोषणाईचं कॅबिनेट सोडून पुढं जाळी आणि धूळ अडवणारं फिल्टर असलेलं घेतलं. नातू थोडा नाराज झाला, पण फिल्टर आता दर पंधरा दिवसांनी तोच धुतो.

खर्च? दीड लाखाच्या आतच बसला, मॉनिटर आणि यूपीएस धरून. जीएसटीचं बिल घेतलं, त्यावर प्रत्येक भागाचा सिरियल नंबर लिहून घेतला. वॉरंटीच्या वेळी तोच कामी येतो.

समितीला एक विनंती. आपली वायरिंग पंचवीस वर्षांची झाली. काही घरांत कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात, असं मुलं सांगतात. ते अर्थिंग नीट नसल्याचं लक्षण आहे. दिवाळीच्या रंगरंगोटीआधी सर्व विंगांची अर्थिंग तपासून घ्यावी. हा प्रश्न कॉम्प्युटरपुरता नाही. फ्रीज, गिझर, वॉशिंग मशीनलाही तीच तार लागते.

आणि आई-वडिलांना, आजी-आजोबांना एवढंच सांगतो. न बघता नाही म्हणू नका, न वाचता सहीही करू नका. पोराला शेजारी बसवा आणि एकेक ओळ विचारा. त्या तीन संध्याकाळी माझा नातू माझ्याशी जेवढं बोलला, तेवढं गेल्या तीन वर्षांत बोलला नव्हता.